मेलेली सोंगटी आणि यंदाचे पाच पट

दरवर्षी दिवाळी अंकाच्या या पानावर मी वर्षभरात खेळलेल्या पटांचा जमाखर्च मांडतो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. नव्या वाचकांना एवढेच सांगतो की, मी नांदेडचा एक सेवानिवृत्त गृहस्थ असून आमच्या घरात दोन मोठी कपाटे आहेत. एकात सौभाग्यवतींची लुगडी-पातळे आहेत आणि दुसऱ्यात माझे खेळ. जागा कोणी कोणाची बळकावली, याबद्दल आमच्यात अद्याप एकमत झालेले नाही.

यंदाच्या जमाखर्चात मात्र लातूरच्या खात्यावर बऱ्याच रकमा पडल्या आहेत. माझी थोरली बहीण अक्का लातूरला असते. दाजींची अडत आहे. तूर आणि सोयाबीन यांच्याखालोखाल जगात काही खरे असेल तर ते परीक्षेतले गुण, असे त्यांचे ठाम मत. लातुरात हे मत एकट्या दाजींचेच आहे असेही नाही. ‘लातूर पॅटर्न’चे नाव ऐकून गावोगावची मुले तिथे खोल्या घेऊन राहतात आणि दिवसरात्र पुस्तकात डोके घालून बसतात. माझी भाची तर तिथलीच. तिने 2025 च्या मे महिन्यात ‘नीट’ दिली, जूनमध्ये निकाल लागला आणि डॉक्टरकीच्या प्रवेशाला पुरतील एवढे गुण काही पडले नाहीत. पुन्हा एक वर्ष अभ्यास करायचे ठरले. घरात कोणी तिला रागावले नाही, आणि तेच वाईट झाले. रागावले असते, तर निदान बोलणे तरी झाले असते!

जुलैअखेर अक्काचा फोन आला, “तू ये बाबा एकदा. पोरगी जेवते, अभ्यास करते, पण बोलत नाही.” मी पिशवीत निवडक खेळ भरले आणि लोहा, अहमदपूर, चाकूर करीत एस.टी.ने लातूर गाठले.

दाजींनी दारातच पिशवीकडे पाहिले. “काय मेहुणे, हे कामून आणलं?”

मी म्हणालो, “दाजी, पलीकडे कल्याणीला, म्हणजे आताच्या बसवकल्याणला, चालुक्यांचा तिसरा सोमेश्वर राज्य करीत होता. त्याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ रचला. त्यात राज्यकारभाराच्या जोडीला फासे, कवड्या आणि बुद्धिबळ यांनाही त्याने मानाने बसवले आहे.”

“असेल. त्याला नीट द्यायची नव्हती,” दाजी म्हणाले.

असो. आता क्रमवारीकडे वळू. खालून वर जाऊ, म्हणजे वाचकांची उत्सुकता टिकेल.

पाचवा क्रमांक ‘व्यापार’ला. हा कोणाच्या घरी नाही? याचा मूळपुरुष अमेरिकेतला. मूळपुरुष कसला, मूळस्त्रीच म्हणायची. एलिझाबेथ मॅगी या बाईंनी 1904 साली ‘जमीनदाराचा खेळ’ या अर्थाच्या नावाने एका पटाचे पेटंट घेतले. भाड्याच्या जोरावर एक माणूस गबर कसा होतो आणि बाकीचे कंगाल कसे होतात, हे लोकांना दाखवावे, हा त्यांचा हेतू. लोकांनी धडा बाजूला ठेवला आणि गबर होण्यातली गोडी तेवढी उचलली! या खेळाचा दोष असा की, ज्याचे दिवाळे निघाले त्याने पुढे तासभर नुसते बसून राहायचे. लातूरला पहिले दिवाळे धाकट्या भाच्याचे निघाले. “मामा, आता मी काय करू?” त्याने विचारले. मी सहज म्हणालो, “आता काय, बघत बस.” दाराशी उभी असलेली भाची तेवढ्यावर आत निघून गेली. माझी जीभ मला चावावीशी वाटली.

चौथा क्रमांक ‘कॅटन’ या जर्मन खेळाला. क्लाउस टॉयबर यांचा हा खेळ 1995 साली बाजारात आला. षट्कोनी तुकड्यांचे एक बेट मांडायचे. विटा, लाकूड, मेंढ्या, गहू आणि खनिज मिळवायचे, आपल्याला नको ते देऊन हवे ते घ्यायचे आणि वस्त्या वसवायच्या. दान दुसऱ्याने टाकले तरी आपल्यालाही काही पदरात पडू शकते, त्यामुळे कोणी ताटकळत नाही. दाजी “नुसतं पाहतो” म्हणून टेकले आणि पाचव्या मिनिटाला सौदे करू लागले. “दोन मेंढ्यांना एक वीट? मेंढीला आज उठावच नाही!” दाजी जिंकले, हे सांगायला नकोच. आतल्या खोलीतून हसण्याचा बारीक आवाज आला. एवढा गुण घेऊनही खेळ चौथाच राहिला, कारण त्याच्या खोक्याची किंमत आपल्यासारख्यांच्या महिन्याच्या हिशेबाला खिंडार पाडणारी आहे.

तिसरा क्रमांक वाघबकरीला. याला खोके नको, खडू पुरे. डोंगरासारखा त्रिकोण काढून त्यात रेघा मारायच्या. तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या. वाघाने उडी मारून बकरी खायची; बकऱ्यांनी एकमेकींना धरून राहून वाघांना हलायला जागा ठेवायची नाही. नांदेडच्या सीमेपलीकडचे तेलुगू लोक याला ‘पुलि-मेक’ म्हणतात. अर्थ तोच, वाघ नि बकरी. एकटी बकरी मेलीच म्हणून समजा; पाठीशी दुसरी असली की वाघाचेही काही चालत नाही. भाचा आणि मी खेळत होतो. मागून आवाज आला, “ती बकरी तिथं नको, मामा.” मी मागे वळून पाहिले नाही. बकरी तेवढी हलवली.

दुसरा क्रमांक बुद्धिबळाला, आणि यंदा तो देणे भागच होते. 28 जुलै 2025 रोजी जॉर्जियातल्या बातुमी गावी आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. वय वर्षे एकोणीस. अंतिम सामन्यात समोर होती कोनेरू हंपी. मोठ्या वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि जलद डावांत दिव्याने बाजी मारली. त्या विजयाबरोबर तिला ग्रँडमास्टर हा किताबही मिळाला. दाजींनी उत्साहाने मोबाइल मुलीपुढे धरला. “बघ! तुझ्याहून एखाद्या वर्षानं मोठी!”

भाचीने पाहिले आणि शांतपणे म्हणाली, “आणि हंपीचं काय, बाबा? तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही.”

दाजी माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, “हंपी 2002 साली पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली; तोवर जगात एवढ्या लहान वयात कोणतीही मुलगी झाली नव्हती. मध्ये लग्न, मूल, संसार. 2024 च्या डिसेंबरात तिने जलद बुद्धिबळाचे जगज्जेतेपद दुसऱ्यांदा मिळवले. आज हरली. पण ही अंतिम फेरी गाठल्यामुळे पुढच्या कँडिडेट्स स्पर्धेसाठी दिव्याबरोबर तीही पात्र ठरली आहे.”

“म्हणजे हरलेलीलाही जागा असते,” भाची म्हणाली. दाजींनी मोबाइल खिशात ठेवला.

मग बुद्धिबळ दुसरे का? कारण तिथे दोघेच बसतात आणि अक्का स्वयंपाकघरातच राहते.

पहिला क्रमांक, मंडळी, चल्लस आठ! त्याच रात्री जेवणे झाल्यावर अक्काने फरशीवर खडूने पाच बाय पाच घरे आखली. चार बाजूंच्या मधल्या घरांवर आणि ऐन मध्यावर फुल्या मारल्या. कवड्या कुठे सापडेनात, तेव्हा चिंचोके फोडून त्यांच्या चार फाका केल्या. एक अंग पांढरे, एक काळपट. चारही पांढऱ्या पडल्या तर चार, चारही काळ्या पडल्या तर आठ, आणि ही दोन दाने पडली की पुन्हा खेळायचे. या चार-आठांचाच नावात दबदबा. देगलूर-बिलोलीपलीकडे तेलुगूत हाच खेळ ‘अष्टा चम्मा’ होतो आणि निलंगा-उदगीरपलीकडे कानडीत ‘चौका बारा’. नकाशावरच्या रेघा सोंगट्यांना कधी अडवू शकल्या नाहीत.

बाहेर सोळा घरांची फेरी, आत आठ घरांची उलटी फेरी, मग मधले घर. भाचा ओरडला, “मामा, ही तर आपली गंजगोलाई! सोळा रस्ते आणि मध्ये देवीचं देऊळ!” चौथा भिडू कमी होता. मी भाचीकडे पाहिले नाही; अक्कानेही नाही. ती आपणहून येऊन बसली.

डाव रंगला. भाचीच्या तीन सोंगट्या मध्यावर पोचल्या. चौथी आतल्या फेरीत, घरापासून दोनच पावलांवर. आणि अक्काला नेमके दान पडले. सोंगटी मारता येत होती. अक्काचा हात वरच थांबला. “राहू दे, मी दुसरी चालते.”

“नाही आई, मार,” भाची म्हणाली. “सोडून दिलीस तर मी खेळले कशाला?”

अक्काने सोंगटी मारली. भाचीने ती उचलली, आपल्या फुलीच्या घरात पुन्हा मांडली आणि चिंचोके टाकले. दोन पडले. सोंगटी दोन घरे पुढे सरकली. तो डाव तिने गमावला. मग चिंचोके गोळा करीत ती म्हणाली, “अजून एक मांडायचा का?”

वर्षभरात मी याहून देखणे, याहून महागडे पट पाहिले. पण मेलेल्या सोंगटीला पुन्हा पहिल्या घरापासून चालायला लावणारा, आणि तोवर तिची जागा कोणाला न देणारा पट मला यंदा तरी दुसरा आढळला नाही.

आता लातूरला दर रविवारी सराव परीक्षा आटोपली की एक डाव होतो. एकच, दाजींचा तसा नियम आहे, आणि डावाचा हिशेब त्यांच्याच वहीत असतो. भाची पुढच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे. निकाल काय लागेल, हे मी सांगणार नाही. दान पडण्याआधी बोलू नये, असा पटाचा संकेत आहे. भाऊबीजेला मी लातूरला चाललो आहे. अक्कासाठी पातळ घेतले आहे आणि वाटेत हरवू नयेत म्हणून चार कवड्या सौभाग्यवतींनी आपणहून स्वतःच्या बटव्यात ठेवल्या आहेत.