आधी पुरावा, मग निष्कर्ष

राज आणि डीके यांची ‘द फॅमिली मॅन’ ही मालिका सप्टेंबर २०१९मध्ये प्राइम व्हिडिओवर आली, तेव्हापासून ती आपल्या तरुणांच्या गप्पांत आहे. घरची भांडणे आणि देशाची सुरक्षा एकाच वेळी सांभाळणारा गुप्तहेर श्रीकांत तिवारी मनोज वाजपेयी यांनी असा उभा केला, की तो शेजारचाच वाटावा. अशा मालिकांत खलनायकाचे नाव बहुधा आपल्यातलेच असते, ही आपली तक्रार रास्त आहे. तरीही या मालिकेत एक धडा आहे आणि तो करीमच्या कथेत आहे.

करीम हा पहिल्या सीझनमधला कॉलेजचा विद्यार्थी. त्याच्यावर संशय येतो, पाळत ठेवली जाते, अर्धवट माहितीचे तुकडे जोडले जातात आणि शेवटी गोळी सुटते. मग कळते, तो अतिरेकी नव्हताच. निष्कर्ष आधी ठरला आणि माहिती त्याच्या मापाने कापली गेली.

आपल्या नाशिक जिल्ह्याला हे नवे नाही. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारातचा शुक्रवार. मालेगावात बडा कब्रस्तान परिसरात स्फोट झाले. मृतांत बहुतेक मुसलमान होते, आणि अटक झालेले नऊ जणही मुसलमानच. त्यांतल्या बहुतेकांची पाच वर्षे तुरुंगात गेली. पुढे राष्ट्रीय तपास संस्थेकडे प्रकरण गेल्यावर तपासाची दिशाच बदलली. एप्रिल २०१६मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले, तेव्हा नवांपैकी एक जण हयात नव्हता.

यातून संतापाखेरीज काय घ्यायचे? पहिले, कायदा माहीत असणे. अटकेचे कारण कळण्याचा आणि वकील मिळण्याचा हक्क संविधानाचे कलम २२ देते. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणेही त्यानुसार बंधनकारक आहे. डी. के. बसू खटल्याच्या निकालाने अटकेचा पंचनामा आणि नातेवाइकांना खबर देणे सक्तीचे केले. मोहल्ल्यातल्या प्रत्येक मुलामुलीला एवढे तोंडपाठ हवे.

दुसरे अधिक अवघड आहे. करीमवर जो अन्याय झाला, तो आपणही रोज छोट्या प्रमाणात करतो. कुणी वेगळे मत मांडले की तो ‘एजंट’. कुणी तलाकच्या कायद्यावर प्रश्न विचारला की तो ‘मुखबीर’. कुणा मुलीचा फोटो फॉरवर्ड होतो आणि तिचे कॉलेज बंद होते. खातरजमा कोणी केली? सूरह हुजुरातची सहावी आयत नेमके हेच बजावते: बातमी आली तर आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कुणाचे नुकसान कराल आणि मागाहून पस्तावाल.

सॉफ्टवेअरच्या कामात बिघाड झाला की आधी लॉग तपासतात, मग दोष कोणाचा ते ठरवतात. ही शिस्त ऑफिसपुरती ठेवू नये. पोलिसांनी पुराव्याशिवाय बोट दाखवू नये, असे आपण हक्काने म्हणतो. ते म्हणणे खरे ठरवायचे असेल, तर पुढचा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी आपलेही बोट थांबले पाहिजे.