शिलाई कुणाची, मलई कुणाची?

परवा लेकाने मॉलमधून टी-शर्ट आणला. किंमत बघून माझे डोळेच विस्फारले! आतल्या शिवणीतलं लेबल पाहिलं, तर ‘मेड इन बांगलादेश’. मनात आलं, हा शिवणाऱ्या बाईला यातले किती मिळाले असतील? परदेशी दुकानात शंभर रुपयांना विकल्या जाणाऱ्या कपड्यामागे शिलाईची मजुरी जेमतेम दोन-तीन रुपये पडते, असा अंदाज सांगतात.

मग बाकीचे पैसे जातात कुठे? आपल्या गल्लीतलंच उदाहरण घ्या ना. साडीला फॉल-पिको करून देणारी ताई दिवसभर मशिनवर वाकलेली असते. पण साडीचं डिझाइन ठरवणारा आणि दुकानाच्या पाटीवर ज्याचं नाव आहे तो, यांची कमाई तिच्या कितीतरी पट. देशांचंही असंच असतं. तैवानच्या ‘एसर’ या कॉम्प्युटर कंपनीचे संस्थापक स्टॅन शी यांनी १९९२ च्या सुमारास हे एका हसऱ्या ओठांसारख्या रेघेने समजावून दिलं. रेघेची दोन टोकं वर असतात. एका टोकाला संशोधन आणि डिझाइन, दुसऱ्या टोकाला ब्रँड आणि विक्री. मधला खोलगट भाग म्हणजे जुळणी, शिवणकाम. तिथे कष्ट जास्त आणि पैसा कमी.

बांगलादेशने सुरुवात या खोलगट भागातूनच केली. श्रीमंत देशांनी दक्षिण कोरियातून येणाऱ्या कपड्यांवर कोट्याची मर्यादा घातली होती. म्हणून तिथल्या ‘देवू’ कंपनीने चितगावच्या ‘देश गारमेंट्स’शी करार केला. १९७९ मध्ये सुमारे १३० जण कोरियात शिकून आले. पुढे त्यातले बहुतेक बाहेर पडले आणि ती विद्या कारखान्या-कारखान्यांत पसरली. आज त्या देशाच्या निर्यातीत ८० टक्क्यांहून जास्त वाटा तयार कपड्यांचा आहे. खेड्यातल्या लाखो मुलींच्या हातात पहिल्यांदाच स्वतःचा पगार आला, ही काही लहान गोष्ट नाही. पण त्याची किंमतही मोजावी लागली. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून जास्त माणसं गेली. भिंतींना तडे गेलेले दिसत असूनही कामगारांना आत बोलावलं होतं. ऑर्डर वेळेत गेली नाही, तर गिऱ्हाइक दुसऱ्या देशात जाईल, ही धास्ती!

मग वर चढायचं कसं? शिकवणाऱ्या कोरियाकडेच बघा. १९७० च्या सुमारास तो देशही कपडे आणि चक्क केसांचे टोप निर्यात करत होता. कामाला तरुण मुलीच. पण कोरिया तिथे थांबला नाही. शिक्षण, पोलाद, जहाजं, इलेक्ट्रॉनिक्स असं करत तो स्वतःच्या ब्रँडपर्यंत पोचला. बांगलादेशनेही एक पायरी चढलीय. टी-शर्टसारख्या होजियरी कपड्यांसाठी लागणारं सूत आणि कापड आता बरंचसं तिथेच तयार होतं. शर्ट-पँटचं पुष्कळ कापड मात्र अजून बाहेरून, मुख्यतः चीनमधून येतं. स्वतःचं डिझाइन आणि स्वतःचं नाव, या पायऱ्या तर अजून दूरच आहेत.

आणि मैत्रिणींनो, खरी मेख पुढेच आहे. देश चढतो तेव्हा बाईही चढतेच असं नाही. स्वेटरच्या कारखान्यांत कॉम्प्युटरवर चालणारी विणकामाची यंत्रं आली आणि ती चालवायला बहुतेक पुरुष बसले. शिलाई मशिनवर बायका आणि त्यांच्यावर देखरेख करणारे सुपरवायझर पुरुष, हे चित्रही फारसं बदललेलं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि जागतिक बँक समूहातली आयएफसी यांनी ‘गिअर’ नावाचा कार्यक्रम सुरू केला, तो यासाठीच. मशिनवरच्या बायकांना त्यात सुपरवायझरच्या कामाचं शिक्षण दिलं जातं. हातात कसब होतंच, फक्त संधी हवी होती.

निर्यातीचे आकडे वाढले की वर्तमानपत्रात मोठा मथळा येतो. आपण मात्र विचारावं, मशिनवरची बाई कुठवर पोचली? आपल्या गल्लीतली फॉल-पिकोवाली ताई उद्या कटिंग आणि डिझाइन शिकायचं म्हणाली, तर घरातून तिला रोज दोन तासांची मोकळीक मिळेल का? ढाक्यातल्या बाईपुढचाही प्रश्न हाच आहे.