वाघनखे आणि नोंदवही

२०२५ च्या फेब्रुवारीत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे नागपुरात आली आणि १८६३ सालचा आपला अजब बंगला गजबजला. नातवाला घेऊन मीही गेलो. त्याने विचारले, "आजोबा, हीच का ती?"

आयुष्य बँकेत गेले. कागद पाहिल्याशिवाय 'हो' म्हणायची सवय नाही. कागद सांगतो ते एवढेच, की ही वाघनखे १८१८ नंतर साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफकडे होती. अफजलखानाच्या वेळची हीच, याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालयच म्हणते. पुष्कळांना याचा राग येतो. मला त्या नोंदीचा आदर वाटतो. महाराजांचा पराक्रम काही या पोलादी नखांच्या भरवशावर उभा नाही!

अशा नोंदी मागच्या खोल्यांत तयार होतात. तिथे रांग नसते. वा. वि. मिराशींनी याच शहरात बसून वाकाटकांचे ताम्रपट वाचले. त्यांचा ग्रंथ १९६३ साली निघाला. ताम्रपट म्हणजे दानपत्र. देणारा कोण, घेणारा कोण, गाव कुठले, हे सारे त्यात असते. आमच्या गहाणखतासारखेच, फक्त तांब्यावर कोरलेले. एकेक अक्षर लावत बसावे लागते, तेव्हा कुठे एखाद्या राजाचे वर्ष हाती येते. प्रदर्शनाला मांडव आणि बंदोबस्त मिळतो. या अक्षरे लावणाऱ्याला टेबल, दिवा आणि पगार मिळतो का, हे कुणी विचारत नाही.

नातवाला म्हटले, "नक्की सांगता येत नाही रे."

"मग कोण शोधून काढणार?"