टाच टेकेल एवढा आधार

गेल्या वैशाखात शिरवळच्या आमच्या घरी परसातील संडासाचे जुने भांडे काढून नवे बसवण्याचे काम निघाले, तेव्हा मिस्त्रींनी कोब्यावर खडूने भांड्याची आकृती रेखली आणि ओट्यावर बसून काम न्याहाळणाऱ्या आमच्या वडिलांना हाक मारून म्हटले, "आबा, या हितं. जरा बसून दावा. टाच कुठं टेकती ते बघू द्या." आबांचे वय आता अठ्ठ्याहत्तर. उभी हयात त्यांनी कचेरीत मौजेवार दफ्तरे लावण्यात, जमाबंदीचे ताळे जुळवण्यात घालवली. भिंतीला तळहात लावून ते सावकाश उकिडवे बसले. गुडघे वाकले, मांड्या पोटऱ्यांना टेकल्या, परंतु उजवी टाच जमिनीपासून दोन बोटे आणि डावी जवळजवळ तीन बोटे अधांतरी राहिली. मिस्त्रींनी त्या पोकळीत आपली थापी सरकवून पाहिली. ती कोठेही न अडता आत गेली. सारा देह पायांच्या चवड्यांवर तोललेला, आणि तो तोल सांभाळण्यासाठी भिंतीवर दाबलेली बोटे पांढरी पडलेली. रोज सकाळी हा माणूस या अवस्थेत दहा-दहा मिनिटे काढीत होता, आणि एकाच घरात राहून आम्हांला त्याची वार्ता नव्हती.

खरे तर ती लागायला हवी होती आधीच्या एका अपघातानेच. दोन वर्षांपूर्वी उठताना तोल जाऊन ते नळावर आदळले आणि खांदा दुखावून घेतला. तेव्हा सर्वांनी जो सल्ला दिला तोच आम्ही मानला, व घरात, माजघरालगत, कमोड बसवला. आईला त्याचे खरोखर सुख झाले, कारण तिचे गुडघे वाकण्याच्या पलीकडे गेले आहेत. आबांची गोष्ट निराळी. बसणे-उठणे सुकर झाले, परंतु ज्या कामासाठी बसायचे ते काम अवघड होऊन बसले. अर्धा अर्धा तास लोटे; कुंथावे लागे; बाहेर आल्यावर चेहऱ्यावर शीण दिसे. इसबगोल झाले, त्रिफळा झाला, रात्री कोमट पाणी झाले. अखेर एके दिवशी ते कोणाला न सांगता परसातील जुन्या जागेकडे परतले आणि पुन्हा भिंतीला बोटे दाबून बसू लागले. वृद्धांच्या हट्टाविषयी आपण पुष्कळ बोलतो. या हट्टाच्या मुळाशी शरीराचे काही शहाणपण असेल, हा विचार आमच्या मनात फार उशिरा आला, याचे आम्हांला आजही वाईट वाटते.

हे शहाणपण म्हणजे काय, ते समजून घेणे कठीण नाही. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला, म्हणजे गुदाशयाला, प्युबोरेक्टॅलिस नावाच्या एका स्नायूने गोफणीच्या पट्ट्यासारखा वेढा घालून पुढे ओढून धरलेले असते. त्यामुळे तेथे एक वाक पडतो, आणि त्या वाकामुळेच आपण चालता-बोलता, उभे असता, सभेत बसलेले असता आपले वेग आवरू शकतो. उकिडवे बसले की मांड्या पोटाजवळ येतात, हा पट्टा अधिक सैल होतो आणि वाट पुष्कळशी सरळ होते; खुर्चीसारख्या उंच आसनावर तो तेवढा सैल होत नाही, म्हणून उणीव भरून काढण्यासाठी जोर करावा लागतो. सकाकिबारा नावाच्या जपानी वैद्यकशास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह २०१० साली सहा निरोगी माणसांमध्ये हा वाक प्रत्यक्ष मोजला, तेव्हा खुर्चीसारख्या आसनावर तो सुमारे १०० अंश आणि उकिडव्या बैठकीत १२६ अंश भरला. त्याआधी २००३ मध्ये इस्रायलच्या डोव्ह सिकिरोव्ह यांनी अठ्ठावीस माणसांकडून तीन प्रकारच्या बैठकींत लागणारा वेळ नोंदवून घेतला होता: उकिडवे बसून सरासरी ५१ सेकंद, बुटक्या आसनावर ११४ आणि नेहमीच्या उंचीच्या आसनावर १३०. सहा किंवा अठ्ठावीस माणसांच्या आधारावर मूळव्याध बरी करण्याची ग्वाही कोणी देऊ लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये, असेच आम्ही म्हणू. परंतु आबांच्या पन्नास-साठ वर्षांच्या अनुभवाशी हे आकडे इतके जुळणारे होते की, त्यांना हटवादी म्हणण्याचा आमचा अधिकार तेथेच संपला.

पाश्चात्त्य देशांतही कमोडच्या आसनाविषयी असमाधान नाही असे नव्हे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील वास्तुशास्त्राचे अध्यापक अलेक्झांडर किरा यांनी स्नानगृहातील मानवी हालचालींचा कित्येक वर्षे अभ्यास करून १९६६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला, आणि प्रचलित कमोडची उंची शरीराच्या रचनेला अनुकूल नाही असे साधार दाखवले. तेथे हल्ली कमोडपुढे पाय ठेवण्यासाठी बुटके स्टूल ठेवण्याचा प्रघात पडत आहे. आमच्या सुताराकडून आम्हीही वीतभर उंचीचा, कमोडच्या पुढच्या अंगाला मिळेल असा अर्धगोल खाच पाडलेला पाट करून घेतला. आईचे पाय पूर्वी लोंबकळत, ते आता त्यावर स्थिर टेकतात, आणि गुडघ्यांना न दुखवता मांड्या थोड्या वर येतात. तिला तेवढ्याने बरे वाटते.

परंतु ज्याचे गुडघे शाबूत आहेत, ज्याला उकिडवे बसण्याची हौस आणि सवय दोन्ही आहेत, आणि ज्याची अडचण केवळ घोट्याच्या सांध्यात आहे, त्याला कमोडवर चढवून मग पाटाने वर उचलणे हा द्राविडी प्राणायाम झाला. त्याच्या जुन्या बैठकीलाच आधार देता येणार नाही काय? येतो, आणि तो देणारा माणूस आमच्यापासून दोन तासांच्या अंतरावर, पुण्यातच निघाला. तेथील एमआयटी इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन या संस्थेत शिकलेल्या सत्यजित मित्तल या तरुण आरेखकाने देशी पद्धतीच्याच भांड्याची नवी घडण केली, 'स्क्वॉटईज' या नावाने ते २०१८ मध्ये पुढे आले, आणि २०१९ च्या प्रयागराजच्या कुंभमेळ्यात यात्रेकरूंसाठी उभारलेल्या शौचालयांत त्याचा उपयोग झाला. त्यातील कल्पना ऐकून कोणालाही वाटावे की, हे आजवर कोणाच्या ध्यानात कसे आले नाही! पाय ठेवण्याची जागा नेहमीच्या भांड्यात सपाट असते. मित्तल यांनी तिला मागच्या बाजूला उंच होत जाणारा उतार दिला. ज्याचा घोटा पुरेसा वाकत नाही त्याने टाच टेकवू म्हटले तर देहाचा भार मागे जातो व तो उताणा पडू लागतो, म्हणून तो चवड्यांवर चढतो. चवड्यांवर चढला की पोटऱ्या ताणतात, गुडघ्यांवर जोर येतो आणि भिंत धरावी लागते. टाचेखाली उतार आला की जमीनच टाचेला भेटायला वर येते. भार पुन्हा सबंध पावलावर पसरतो आणि हात मोकळे होतात.

गवंडीकामात उताराला ढाळ म्हणतात, आणि ढाळ हा मिस्त्रींचा हातखंडा विषय. मोरीला ढाळ, गच्चीला ढाळ, नळीला ढाळ. ग्रामीण शौचालयांसाठी जे विशेष भांडे निघाले, त्याच्या तळालाच २५ ते २८ अंशांचा तीव्र ढाळ दिलेला असतो, व त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात मैला वाहून जातो. पाण्याच्या सोयीसाठी आपण अंश-अंश मोजला, आणि त्या पाण्याच्या काठावर बसणाऱ्या माणसाच्या पायाखाली मात्र सपाटी ठेवली. हा दोष मिस्त्रींचा नाही. महाराष्ट्रात या विषयाला ज्यांनी आयुष्ये वाहिली, त्या थोर पुरुषांपुढे त्यांच्या काळी याहून निकडीचे प्रश्न उभे होते. भंगीमुक्तीच्या ध्यासाने कणकवलीजवळच्या गोपुरीत सोनखताच्या संडासांचे प्रयोग करणारे अप्पासाहेब पटवर्धन, किंवा साठच्या दशकापासून देहू गावात घरोघर शौचालये व्हावीत म्हणून झिजलेले आणि मैल्यापासून गॅस निर्माण करणारी योजना सिद्ध करणारे डॉ. मापुसकर, ज्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली, यांची दृष्टी मैल्याच्या पुढच्या प्रवासावर होती आणि ती तेथेच असणे अवश्य होते. त्यांनी खड्ड्याचा प्रश्न सोडवला म्हणूनच आज आपल्याला बैठकीचा विचार करण्याची उसंत आहे.

आणि तरी हा विचार अगदी नवा आहे असे मात्र नाही. शिरवळपासून जवळच, पांडवदरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी, हीनयान काळातील साधी, अनलंकृत बौद्ध लेणी आहेत. लहानपणी आम्ही तेथे वनभोजनाला जात असू आणि त्या दगडी ओट्यांवर निजणाऱ्या भिक्षूंविषयी तर्क करीत असू. त्या भिक्षुसंघाच्या आचाराचे नियम विनयपिटकाच्या चुल्लवग्गात ग्रथित आहेत, आणि त्यांत शौचकूपाचा विचार इतक्या बारकाईने केलेला आहे की वाचणाऱ्याने थक्क व्हावे. पाय ठेवण्यासाठी वेगळ्या पादुका असाव्यात, त्यांवर उभे राहून मगच चीवर वर घ्यावे, कुंथत मलोत्सर्ग करू नये, असे त्यात सांगितले आहे. एक प्रसंग तर असा आहे की, वार्धक्याने दुर्बळ झालेला एक भिक्षू शौचाहून उठताना पडला. ही गोष्ट बुद्धांच्या कानी गेली आणि त्यांनी धरून उठण्यासाठी तेथे लोंबता आधार टांगण्याची अनुज्ञा दिली. त्या आधाराला पाली शब्द आहे 'ओलंबक'. एवढा मोठा धर्म प्रवर्तित करणाऱ्या पुरुषाला एका म्हाताऱ्या भिक्षूचे शौचकूपातील पडणे क्षुल्लक वाटले नाही, आणि ते त्याच्या अनुयायांनी ग्रंथात लिहून ठेवण्याजोगे मानले. आबा नळावर आदळले त्या दिवशी आम्ही हे वाचले असते, तर त्यांच्या टाचा आम्हांला दोन वर्षे आधी दिसल्या असत्या.

मिस्त्रींना आम्ही मित्तल यांच्या भांड्याची कल्पना सांगितली होती. परंतु नेहमीचे सपाट भांडे अगोदरच आणलेले होते आणि ते परत करण्यास दुकानदाराची संमती नव्हती. तेव्हा त्यांनी स्वतःच तोड काढली. आबांच्या दोन्ही पावलांभोवती खडूने रेघ ओढून घेतली. मग त्या मापाच्या दोन पट्ट्या सिमेंटमध्ये घडवल्या: चवड्याकडे जमिनीबरोबर, टाचेकडे उजवीला दोन बोटे व डावीला तीन बोटे चढ. दोन पायांना दोन मापे! कारखान्यातून निघणाऱ्या वस्तूला हे जमणार नाही, आणि घरातील इतरांना ते किंचित वेडेवाकडे वाटेल हेही खरे. पण ती जागा आता आबांचीच आहे. सिमेंट ओले असतानाच थापीच्या टोकाने त्यांनी पट्ट्यांवर बोटाच्या पेराएवढ्या अंतराने आडव्या खाचा ओढल्या, कारण उतारावर ओला पाय पुढे घसरला तर सारा उपकार व्यर्थ. सात दिवस त्या पट्ट्यांवर गोणपाट टाकून पाणी मारले. आबा रोज सकाळी गोणपाट उचलून बघत.

आठव्या दिवशी ते बसले, आणि आम्ही दाराबाहेर उभे राहून विचारले, "टेकल्या का हो?" आतून उत्तर आले, "टेकल्या." नंतर बऱ्याच वेळाने, म्हणजे पूर्वीच्या मानाने फारच थोड्या वेळाने, ते बाहेर आले आणि भिंतीकडे हातही न नेता पायरी उतरले. उठतानाची भीती मात्र अजून पुरती गेली नव्हती. ते ऐकून मिस्त्रींनी आपल्या पिशवीतून ओळंबा काढला, आबांना पुन्हा कोरडेच बसवले, आणि छताच्या वाशाला दोरा लावून त्याचे जड टोक त्यांच्या गुडघ्यांपुढे, हात लांब केला असता मुठीत येईल अशा ठिकाणी येईपर्यंत हळूहळू सरकवले. तेथे वाशात त्यांनी कडी ठोकली, आणि संध्याकाळी आम्ही बाजारातून जाड सुती दोर आणून, टोकाला दोन गाठी मारून, तिला टांगला.