यंदा होस्ट कोण?

मंडळी, गणपतीला गावी जाताना तुमच्या बॅगेत काय असतं? माझ्या बॅगेत दरवर्षी पाच पोर्टचा स्विच आणि नेटवर्क केबलचं भेंडोळं असतं. रत्नागिरीच्या आमच्या घरात आरती आटोपली की मोठी माणसं पत्ते कुटायला बसतात आणि आम्ही चार मित्र माजघरात लॅपटॉप उघडतो. गेम ठरलेला: १९९९चा 'एज ऑफ एम्पायर्स टू'. होस्टही ठरलेला, म्हणजे अस्मादिक!

यंदा मात्र घोळ झाला. बंगळूरूच्या मित्राला रजा मिळाली नाही. म्हटलं, हात्तिच्या! नेटवरून खेळू. राउटरवर पोर्ट उघडले, फायरवॉलला समजावलं, त्याला आयपी पाठवला. तरी बिचारा दाराबाहेरच! दोन रात्री डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. नेटवाल्याने अनेक घरांत मिळून एकच पब्लिक आयपी वाटलाय. याला म्हणतात सीजीनॅट. अख्ख्या चाळीला एकच पत्रपेटी, मग पत्र नेमकं कुणाचं?

तुमचंही असंच अडलं तर राउटरमधला वॅन आयपी आणि 'व्हॉट इज माय आयपी' विचारल्यावर दिसणारा आयपी ताडून पाहा. दोन्ही वेगळे असतील तर बहुतेक हीच भानगड. मग नेटवाल्याकडे स्वतंत्र पब्लिक आयपी मागा, नाहीतर सगळ्यांच्या लॅपटॉपवर हमाची किंवा झीरोटियर टाका. दूरचा लॅपटॉपही जणू तुमच्याच स्विचला जोडल्यासारखा होतो.

तिसऱ्या रात्री एकदाचा तो आत आला, तेही मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. आणि आमचे घोडेस्वार गोगलगायी झाले! 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये सर्व्हर कुणासाठी थांबत नाही. ज्याचं नेट रखडलं तो मेला. इथे मात्र प्रत्येक लॅपटॉप अख्खी लढाई स्वतः मांडतो, नेटवरून जातात फक्त हुकूम. चौघांचा हिशेब जुळायलाच हवा, म्हणून जो सगळ्यात मागे, त्याच्या चालीने सगळे.

आधी वैतागलो. पण फोन स्पीकरवर होता. एकेक सैनिक हलेपर्यंत त्याने ऑफिसचं रडगाणं गायलं, मोदकांचा हिशेब मागितला आणि हळूच म्हणाला, "आतली आरती जरा ऐकव ना उद्या." शेजारी बसून खेळताना इतकं कधी बोललो नव्हतो.

एवढ्यात लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर तगले, राउटरने मान टाकली. फोन मात्र दीडपर्यंत चालला.

पुढच्या वर्षी नक्की येतो म्हणालाय. तरी राउटरसाठी छोटा यूपीएस घेऊन ठेवलाय मी.