तासाला 20 रुपये, फक्त कागदावर

तरुणांनी गावोगावी हवामान बदलावर कार्यक्रम करावेत म्हणून वीस-पंचवीस हजारांची छोटी अनुदानं वाटायची सध्या लाट आहे. 5 जून जवळ आला की अर्ज सुटतात. बीड जिल्ह्यातल्या एका तांड्यावरच्या मुलींच्या गटासाठी मीही असा एक अर्ज भरला. एम.एस.डब्ल्यू. झालेली असल्यामुळे अर्जाची भाषा मला चांगली येते. त्या भाषेत मी काय करून बसले, ते आधी कबूल करते.

अनुदान 25,000 रुपयांचं. अट अशी की त्याच्या एक चतुर्थांश तरी 'स्थानिक योगदान' दाखवायचं. ऊसतोडीला जाणाऱ्या तांड्याकडे दाखवायला काय असणार? मी श्रमदान दाखवलं. रोपांना पाणी घालायला 12 मुली, 30 दिवस, रोज एक तास, तासाला 20 रुपये. झाले 7,200. 30 दिवसच का, तर कार्यक्रमानंतर 30 दिवसांत अहवाल द्यायचा होता. हा आकडा एका शब्दानं न विचारता मंजूर झाला. मानधन, प्रवासखर्च आणि मुलं सांभाळण्याचा खर्च मात्र नियमात बसत नव्हता. टी-शर्ट बसले, बॅनर बसला, मांडव, माईक आणि पाहुण्यांची शालही बसली.

कार्यक्रम छान झाला. फोटोत पुढे टी-शर्ट घातलेली मुलं, माईक त्यांच्याच हातात. मुली मागे, हंडे घेऊन. टँकर येईल तेव्हा आधी घरचं पाणी भरायचं आणि मग रोपांचं, हे त्यांनी महिनाभर केलं. हिशोब वाचून दाखवताना एकीनं विचारलं, "ताई, कागदावर आमच्या पाण्याचे पैशे लागलेत, मंग हातात कामून न्हाईत?" मला उत्तर सुचलं नाही. दसऱ्यानंतर तांडा कारखान्याकडे निघाला आणि दिवाळीपर्यंत रोपं वाळली. तोवर अहवाल केव्हाच पोचला होता.

मैत्रिणींनो, बाईचं काम मोजतच नाहीत, असं आपण इतकी वर्षं म्हणत आलो. इथे ते मोजलं गेलं. तासाचा दर लागला, बेरीज झाली, सही झाली. फक्त ते पैसे तिचे नव्हते, तिनं अनुदान देणाऱ्याला दिलेले होते. हे मला न मोजण्यापेक्षाही वाईट वाटतं.

आणि 'युवा' म्हणजे कोण? 2014 च्या राष्ट्रीय युवा धोरणानं 15 ते 29 वय ठरवलं. आमच्या गटातली एक जण 20 वर्षांची, कडेवर मूल. तिचं नाव गटप्रमुख म्हणून दिलं, तर फोनवर सांगितलं गेलं की विवाहित महिलांसाठी वेगळ्या योजना असतात! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. मंगळसूत्र गळ्यात पडलं की तरुणपण संपतं, हे गावानं ठरवलं होतंच. आता हवामानवाल्यांनीही ठरवलं. मूल सांभाळण्याचा खर्च म्हणजे काही चैन नव्हे. 2005 च्या रोजगार हमी कायद्यानं, कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली तर त्यातल्याच एका बाईला ती सांभाळायला नेमून मजुरी द्यावी, असं लिहून ठेवलं होतं. खडी फोडताना जे मान्य झालं, ते 'युवा नेतृत्वा'च्या अर्जात का चालू नये?

देणारे म्हणतात, आमचे हात बांधलेले आहेत. काही अंशी खरं आहे. 2020 च्या दुरुस्तीनं परदेशी देणगी एका संस्थेनं दुसरीला पुढे देण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. मग मोठी संस्था गटाच्या हाती पैसा न देता परस्पर बिलं भागवते, आणि बिल बॅनरवाला देतो, मुलगी देत नाही. पण देशातल्या कंपन्यांच्या पैशाचं काय? तिथे ही अडचण नाही. उलट मॅरेथॉनसारखे एका दिवसाचे कार्यक्रम सामाजिक जबाबदारीच्या खर्चात धरू नयेत, असं केंद्र सरकारनं 2014 च्या परिपत्रकातच सांगितलं होतं.

मुलींना झाडं लावायचीच नव्हती, हेही सांगायला हवं. पहिल्या बैठकीत त्या मार्चमधल्या फडाबद्दल बोलल्या. उन्हात मोळ्या वाहताना चक्कर येते, पण बसलं तर खाडा, आणि खाडा झाला की मुकादम उचलीतून पैसे कापतो. अंघोळीला आडोसा नाही, म्हणून अंधार पडायची वाट बघायची. कोप्यांपाशी सावली आणि पिण्याचं पाणी कारखान्याकडे मागायचं, असा त्यांचा कार्यक्रम होता. 'हा कामगारांचा प्रश्न आहे, हवामानाचा नाही,' असं उत्तर आलं, आणि मी मुकाट्यानं 'वृक्षारोपण' लिहिलं.

यंदाच्या अर्जात मी श्रमदान हा शब्द खोडला. 7,200 रुपये मानधनात लावले, पाळणाघराला एक बाई लावली, गटप्रमुख तीच, कडेवर मूल असलेली. तारीख 5 जून नाही, मार्चमधली, जागा फडावरची. अर्ज 'अपूर्ण' असा शेरा मारून परत आला आहे. एक अक्षर न बदलता तो पुन्हा पाठवते आहे. तुमच्या गटांनीही असेच अर्ज पाठवा, आणि परत आले तर शेऱ्यासकट आपल्या अंकाकडे द्या. सगळे एकत्र छापू.