रक्त कोणाचे, नशा कधीची?

पुण्याच्या कल्याणीनगरात मे २०२४ मध्ये पोर्श मोटारीने दोघांचे प्राण घेतले आणि पाठोपाठ ससून रुग्णालयात आरोपी अल्पवयीन मुलाचे रक्तच बदलल्याचा आरोप झाला. दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या रक्ताच्या डीएनए तपासणीतून ही बनवाबनवी उघड झाली, असे पोलीस सांगतात. खरेखोटे न्यायालय ठरवील. पण नमुना घेण्याची पद्धत सुधारण्यासाठी निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

मद्याबाबत निदान कायदा स्पष्ट आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य आढळले, की चालक दोषी. अमली पदार्थांसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये असा आकडाच नाही. वाहनावर ताबा राहू नये इतका अंमल होता, हे सिद्ध करावे लागते. येथेच गाडी अडते. नियमित गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचे अंश कित्येक आठवडे सापडतात, कोकेनचे सहसा दोन-चार दिवसांत जातात, तर हेरॉइनची खास खूण असलेले रसायन काही तासांतच नाहीसे होते. अनारशावरच्या खसखशीनेही लघवीत मॉर्फिन दिसू शकते. झटपट चाचणीच्या पट्टीला हे भेद कळत नाहीत. उलट, राज्यात धुमाकूळ घालणारे मेफेड्रोन, म्हणजे ‘एमडी’, तिच्यातून निसटू शकते. तरीही पोलिसांच्या छाप्यानंतर पट्टीच्या भरवशावर तरुणांना नशेबाज ठरवले जाते. प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमेट्रीने खात्री होईपर्यंत तो केवळ संशय असतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञ पाठवणे बंधनकारक केले. रक्त मात्र अपघात विभागातला ड्युटीवरचा डॉक्टरच काढतो. त्या टेबलावर कॅमेरा हवा. नमुना घेतल्याची वेळ नोंदवलेली हवी, रक्त टिकवण्यासाठी त्यात सोडियम फ्लोराइड हवे आणि प्रत्येक हस्तांतरावर सही हवी. नमुन्याचा दुसरा सीलबंद भाग फेरतपासणीसाठी राखून ठेवावा. मुंबईतील कलिना येथील आणि विभागीय न्यायवैद्यक प्रयोगशाळांना मनुष्यबळ देऊन अहवालाची मुदत ठरवावी.

गृह, आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण खात्यांनी हे एकत्र बसून ठरवायचे आहे. ते होईपर्यंत बचावाचा वकील अहवाल वाचण्याआधी बाटलीचे सील तपासील, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही.